अचलपूरचा नगरविस्तार आणि घरांचा प्रश्न : वसतिवाचक शब्दांच्या साक्षीने

१

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील नगरांची वाढ आणि तेथील घरांचा प्रश्न यांचा विचार ज्या अभ्यासकांनी केला आहे, त्यांच्या लेखनात एक आकृती वारंवार आढळते. तटबंदीच्या आत दाटीने वसलेले जुने शहर; त्याच्या शेजारी, पण त्याच्यापासून अलग, परकीय सत्तेने वसविलेले सरळ रस्त्यांचे नवे शहर; आणि या दोहोंच्या भोवती, कोणत्याही नकाशात आधी न आखलेली, बाहेरून आलेल्या लोकांची वाढती वस्ती. ट्युनिस, अल्जियर्स यांसारख्या नगरांचा अर्वाचीन इतिहास बहुधा या तीन थरांच्या आधारे सांगितला जातो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या अचलपूरशी या आकृतीचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. तथापि हे तिन्ही थर अचलपुरात स्पष्टपणे दाखविता येतात. इतकेच नव्हे, तर त्या प्रत्येक थराला लोकांनी दिलेले स्वतंत्र वाचक शब्दही आजच्या बोलण्यात जिवंत आहेत. ते शब्द म्हणजे पुरा, छावणी आणि ले-आउट.

इतिहासाचे अभ्यासक नगराच्या वाढीसाठी जनगणनेचे आकडे, सनदा आणि नकाशे पाहतात, ते योग्यच होय. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याने त्या साधनांच्या जोडीला वसतिवाचक शब्दांची साक्ष काढली आहे. वस्तीला नाव देताना लोक ती कोणी वसविली, कोणासाठी वसविली आणि तिचा मूळ गावाशी संबंध काय, हे बहुधा सांगून जातात. पुढे तेच नाव सरकारी कागदावर चढते किंवा चढत नाही, आणि त्यावर तेथील रहिवाशांच्या घराचे भवितव्य अवलंबून राहते. अचलपुरातील आजचा घरांचा प्रश्न हा केवळ घरे अपुरी पडल्याचा प्रश्न नाही; वस्ती, तिचे नाव आणि तिची कागदोपत्री ओळख यांची जी फारकत गेल्या दीडशे वर्षांत होत गेली, तिच्यात या प्रश्नाचे मूळ आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम नगराच्या नावाचा विचार करू. राष्ट्रकूट वंशातील नन्नराज याचा तिवरखेड येथील ताम्रपट अचलपुराहून दिलेला असून त्यावर शके ५५३ असा काल कोरलेला आहे. त्या ताम्रपटाच्या काळाविषयी विद्वानांत चर्चा झालेली असली, तरी अचलपूर हे नाव मध्ययुगाच्या आरंभापासूनचे आहे, याविषयी संशय राहत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम सांगितले आहेत. तेथे दुसऱ्या पादात वर्णव्यत्ययाची काही उदाहरणे एकापुढे एक आली आहेत. वाराणसीचे ‘वाणारसी’ होते, अचलपूर शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ होते, आणि त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात महाराष्ट्र शब्दातील ह आणि र यांची अदलाबदल होऊन ‘मरहट्ठ’ होते. दूर पाटणच्या वैयाकरणाला आपल्या नियमासाठी या गावाच्या नावाचे स्वतंत्र सूत्र करावेसे वाटले, यावरून त्या काळी या नगराची ख्याती किती दूरवर पोचली होती, याची कल्पना येते.

‘अलचपूर’ या रूपापासून पुढचा प्रवास सरळ आहे. स्वरांमधील ल चा ळ होणे आणि च घोष होऊन ज होणे, या दोन्ही प्रक्रिया मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. महानुभाव गद्यातील ‘आळजपूर’ हे रूप त्यांतूनच आले. फार्सी बखरकारांच्या लेखणीतून ‘एलिचपूर’ झाले आणि इंग्रजी दप्तरात तेच रूढ झाले. ईल नावाच्या राजाने संवत् १११५ मध्ये हे नगर वसविले अशी एक कथा सांगितली जाते. परंतु अचलपूर हे नाव त्या संवतापूर्वी कित्येक शतके प्रचारात होते. म्हणजे राजाच्या नावावरून नगराचे नाव पडले नसून, नगराच्या बदललेल्या उच्चाराचा अर्थ लावण्यासाठी पुढे राजाचे नाव पुढे आले, असेच मानावे लागते.

नगराच्या परिसराची वस्तीही तितकीच जुनी आहे. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील ‘चर्मांक’ हे गाव एक सहस्र ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नमूद आहे. र्म या संयुक्ताचे म्म होणे हा प्राकृतातील नित्याचा नियम आहे. चर्मांकाचे चम्मक त्यानुसारच झाले. राजवंश गेले, भाषा बदलली, पण गावाचे नाव पंधराशे वर्षे त्याच जागी टिकले. ताम्रपटाने दिलेले गाव नेमके कोणते, हे आज आपण सांगू शकतो ते केवळ लोकांनी नाव सोडले नाही म्हणून. वसतिनामाचे पुराव्याच्या दृष्टीने मोल काय, हे यावरून ध्यानी यावे.

३

अचलपूरच्या नगरविस्ताराचा पहिला थर पुऱ्यांचा. अल्लाउद्दीन खल्जीची देवगिरीवरील १२९६ ची स्वारी या मार्गाने गेली, आणि चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनी याने दक्षिणेतील प्रसिद्ध नगरांत एलिचपूरची गणना केली. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता स्थापिली आणि हे नगर इमादशाहीची राजधानी झाले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड गिळंकृत केले. १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेले आणि सुभ्याचे ठाणे बाळापूरकडे सरकले. अठराव्या शतकात व त्यानंतर निजामाच्या अंमलाखाली पन्नी पठाण घराण्यातील सुलतानखान, इस्माइलखान, सलाबतखान, नामदारखान या नवाबांच्या काळात नगराला पुन्हा बरकत आली. आज अवशिष्ट असलेली तटबंदी आणि दरवाजे यांची आठवण या नवाबीशीच निगडित आहे. म्हणजे अचलपूरची वाढ ही एका सरळ रेषेत झालेली वाढ नव्हे. राजसत्तेबरोबर ते फुगले आणि राजसत्ता हलली तेव्हा आक्रसले.

या चढउतारांत नगर ज्या घटकांनी वाढले तो घटक म्हणजे पुरा. संस्कृत ‘पुर’ शब्दाने सबंध नगराचा बोध होतो. स्वार्थी क-प्रत्ययान्त ‘पुरक’ या रूपापासून निघालेल्या ‘पुरा’ या शब्दाने दख्खनच्या नगरांत मात्र नगराचा एक भाग, उपनगर, एवढाच अर्थ उरला. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि बुऱ्हाणपूर येथेही पुरे आहेत. पुण्याकडे त्याच अर्थी पेठ आहे. अचलपुरातील पुऱ्यांची नावे पाहिली असता त्यांचे वर्ग सहज पाडता येतात. सुलतानपुरा, अब्बासपुरा यांसारखी नावे व्यक्तीवरून पडली. सुलतानपुऱ्याचे नाव सुलतानखानाशी जोडले जाते. माळीपुरा हे नाव व्यवसायावरून किंवा जातीवरून पडले. चावलमंडी हे नाव जिनसेच्या बाजारावरून आले, तर देवडी हे वास्तूच्या एका भागावरून. नगराचा दुल्हा दरवाजा दुल्हा रहमानशहांच्या दर्ग्याची आठवण ठेवतो. गावाबाहेर पाण्याच्या हौदात उभी असलेली अष्टकोनी वास्तू ‘हौज कटोरा’ या नावाने ओळखली जाते. संस्कृत, अरबी, फार्सी आणि देशी या चारी मूळांचे शब्द एका नगराच्या नकाशात असे शेजारी नांदताना दिसतात.

पुऱ्यातील घर हे सुटे घर नसे. दख्खनच्या मध्ययुगीन नगरांत सामान्यतः सरदार किंवा धनिक जागा मिळवी, तेथे आपल्या आश्रयाचे लोक, कारागीर, उदमी यांना बसवी, आणि घर, सेवा व संरक्षण यांचा एकत्रित संबंध निर्माण होई. वऱ्हाडात गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. काळ्या भुईच्या या प्रदेशात पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, मेळघाटातून येणारे सागवान आणि वर धाबे किंवा कवेलू, अशी घराची घडण असे. मोठ्या घराला देवडी, चौक आणि परसदार असे. लहान घराला एक ओसरी आणि मागे एक खोली. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे उन्हाळ्याचा ताप कमी लागे आणि शेजाऱ्याचा आधार मिळे. या घरांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लिंपण आणि धाब्याची डागडुजी आवश्यक असे. जोपर्यंत पुऱ्यातील संबंध टिकून होते, तोपर्यंत ही डागडुजी हे सर्वांचे काम होते.

एका काळी एलिचपुरात चाळीस हजार घरे होती, अशी लोकश्रुती एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखकांनी नोंदविली आहे. घरटी पाच माणसे धरली तरी ही संख्या दोन लाखांवर जाते. १९०१ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या २६,०८२ भरली. चाळीस हजार हा आकडा मोजणीचा नसून गौरवाचा आहे, हे उघड आहे. परंतु लोकांनी आपल्या नगराचे मोठेपण सांगताना सैन्य किंवा खजिना न सांगता घरे सांगितली, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. पडलेली जोती आणि ओस पडलेले पुरे डोळ्यांपुढे असताना ही लोकश्रुती सांगितली जात होती.

४

दुसरा थर छावणीचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांनी घेतला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. या फौजेचे एक ठाणे अचलपूरजवळ परतवाडा येथे होते, आणि त्याच्याच आश्रयाने कचेऱ्या, बंगले आणि सरळ रस्त्यांची वस्ती तेथे उभी राहिली.

‘छावणी’ हा शब्द छावणे, म्हणजे शाकारणे, आच्छादणे, या धातूपासून आला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘छादन’. मुक्कामापुरते छप्पर घालून राहण्याची जागा असा त्याचा मूळ अर्थ. परंतु तात्पुरत्या निवाऱ्याचे नाव घेऊन आलेली ही वस्ती कायमची ठरली आणि नगराचे जीवन तिच्याकडे ओढले गेले. ‘परतवाडा’ या नावातील ‘वाडा’ हा अंश संस्कृत ‘वाटक’, म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, यापासून आलेला आहे, आणि तो मराठी ग्रामनामांत सर्वत्र आढळतो. लोकांच्या तोंडी मात्र वेगळीच जोडी रूढ झाली. परतवाड्याला ‘अचलपूर कॅम्प’ आणि जुन्या नगराला ‘अचलपूर सिटी’ असे म्हटले जाऊ लागले. मूळ नगराला आपले संपूर्ण नाव पुरेनासे झाले. त्याला ‘सिटी’ हे विशेषण लावून ओळखण्याची वेळ आली.

येथे भूमध्य किनाऱ्यावरील एक उदाहरण उपयोगी पडते. अरबी ‘मदीना’ या शब्दाचा अर्थ नगर. ट्युनिसमध्ये १८८१ साली फ्रेंचांचे संरक्षित राज्य स्थापन झाल्यावर जुने नगर आणि सरोवर यांच्या दरम्यान युरोपीय धाटणीचे नवे शहर उभे राहिले. त्यानंतर फ्रेंच व्यवहारात ‘मदीना’ म्हणजे नगर हा अर्थ मागे पडून ‘मदीना’ म्हणजे जुने शहर असा संकुचित अर्थ रूढ झाला. ‘सिटी’ या इंग्रजी शब्दाचे अचलपुरात नेमके हेच झाले. ‘कसबा’ या शब्दाची कथाही अशीच आहे. अरबी ‘कसबा’ शब्द उत्तर आफ्रिकेत गढी किंवा बालेकिल्ला या अर्थी स्थिरावला, आणि अल्जियर्सचा ‘कसबा’ म्हणजे तेथील सबंध जुने शहर झाले. आपल्याकडे तोच शब्द परगण्याच्या मुख्य गावाचा वाचक झाला. बार्सेलोनातील ‘रावाल’ या भागाचे नाव अरबी ‘रबद’, म्हणजे वेशीबाहेरची वस्ती, या शब्दापासून आले. आधी बाहेर असलेली ही वस्ती पुढे वाढत्या तटाने आत घेतली. नाव मात्र ‘बाहेरचे’च राहिले. बार्सेलोनाने आपले तट १८५४ पासून पाडले आणि १८५९ च्या सेर्दाच्या योजनेनुसार मोकळ्या जमिनीवर चौकटीचे नवे नगर जुन्याला जोडून घेतले. अचलपुरात असे जोडून घेणे झाले नाही. तट पडत गेले, पण नवे शहर जुन्याला लागून उभे न राहता वेगळ्या ठिकाणी उभे होते.

त्यातच रेल्वेने या नगराला बगल दिली. जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोचला. कापसाचा व्यापार त्या मार्गावरील बाजारांकडे वळला. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला आणि नगराचे जिल्ह्याचे ठाणे हे स्थानही गेले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून अचलपूरला सुमारे ७५ किलोमीटरचा अरुंद मार्ग आला. ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झालेल्या या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढीत असे. कालांतराने ती बंद पडली. या घटनांचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९०१ मध्ये अमरावतीची लोकसंख्या ३४,२१६, अकोल्याची २९,२८९ आणि अचलपूरची २६,०८२ होती. तिन्ही नगरे जवळजवळ एका मापाची होती. २०११ मध्ये अमरावती साडेसहा लाखांच्या आणि अकोला सव्वाचार लाखांच्या आसपास पोचले असता, परतवाड्यासह अचलपूरची संख्या १,१२,३११ होती.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मुंबईसारख्या नगरात घरांचा प्रश्न माणसांच्या लोंढ्यातून उत्पन्न झाला. अचलपुरात तसा लोंढा आला नाही. येथील प्रश्न घरांच्या संख्येचा कमी आणि घरांच्या अवस्थेचा, मालकीचा व सोयींचा अधिक आहे. म्हणून मोठ्या शहरांसाठी आखलेली उपाययोजना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

५

तिसरा थर ले-आउटचा. हा इंग्रजी शब्द आराखडा या अर्थाचा. परंतु विदर्भाच्या बोलीत तो वस्तीचाच वाचक झाला आहे. ‘आम्ही अमुक ले-आउटमध्ये राहतो’ हे वाक्य पुणेकराला चमत्कारिक वाटेल. वऱ्हाडात त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. शेतजमीन अकृषिक करावयाची, तिचे प्लॉट पाडावयाचे, मधून रस्ते दाखवावयाचे आणि प्लॉट विकावयाचे, अशी ही रीत आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने विकास योजनेची चौकट दिली. परंतु नगरपरिषदेची हद्द संपते तेथे त्या चौकटीचा प्रभाव उणावतो, आणि जमीनही तेथेच स्वस्त असते.

२००१ मध्ये अचलपूर नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या १,०७,३०४ होती. २०११ मध्ये ती १,१२,३११ झाली. दहा वर्षांत वाढ झाली ती अवघी ५,००७, म्हणजे शेकडा पाचाहूनही कमी. हा आकडा पाहून नगराची वाढ थांबली असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. परतवाड्याला लागून असलेल्या कांडली, देवमाळी या गावांकडे वस्ती पसरली. २०११ च्या जनगणनेत कांडलीची नोंद जनगणना-नगर म्हणून झाली. म्हणजे शेतीवर न जगणाऱ्या लोकांची दाट वस्ती तेथे झाली, पण तिचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. नगर वाढले ते नगराच्या व्याख्येबाहेर वाढले.

या वस्त्यांच्या नावांत ‘नगर’ आणि ‘कॉलनी’ हे शब्द प्रामुख्याने येतात. पुर शब्दाचे जे झाले तेच येथे नगर शब्दाचे झाले आहे. सबंध शहराचा वाचक शब्द पन्नास-शंभर प्लॉटांच्या वस्तीला लागला. मात्र या दोन अर्थसंकोचांत एक फरक आहे. पुऱ्याचे नाव वसविणाऱ्याचे, राहणाऱ्याचे किंवा तेथील कामाचे असे. ले-आउटचे नाव बहुधा देवाचे, थोर पुरुषाचे किंवा शुभवाचक असते. ते जमीन विकण्यापूर्वी ठरलेले असते आणि रहिवाशांविषयी काहीच सांगत नाही. भूमध्य किनाऱ्यावरील नव्या वस्त्यांचे वाचक शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. उत्तर आफ्रिकेत रूढ झालेल्या फ्रेंच ‘बिदोंव्हिल’ शब्दाचा अर्थ डब्यांच्या पत्र्याचे गाव. तुर्की ‘गेजेकोंदू’ म्हणजे रातोरात उभे केलेले घर. हे शब्द घर कसे उभे राहिले ते सांगतात. घरात कोण राहते, ते सांगत नाहीत. आपल्याकडील ‘झोपडपट्टी’ हा शब्द याच जातीचा आहे.

६

आता घरांच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या पुऱ्यांत आज तीन प्रकारची अडचण दिसते.

पहिली अडचण अविभक्त वाड्यांची. घरातील कर्ती माणसे परगावी गेली, वारस वाढले, वाटणी झाली नाही आणि एकेका खणात एकेक बिऱ्हाड राहू लागले. ट्युनिसच्या जुन्या नगरात १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर हेच घडले. प्रतिष्ठित कुटुंबे नव्या शहरात गेली आणि त्यांच्या मोठ्या घरांतून खेड्यांतील कुटुंबे खोली-खोलीने राहू लागली. सामायिक धर्मशाळेसारख्या इमारतीला तेथे ‘उकाला’ म्हणत. त्यावरून वाड्यांच्या या अवनतीला फ्रेंच लेखकांनी स्वतंत्र संज्ञाच बनविली. ‘उकाला’ हा अरबी ‘वकाला’ शब्दाचा उच्चारभेद असून आपले ‘वकील’ आणि ‘वकालत’ हे शब्द त्याच धातूचे आहेत. ट्युनिसकरांनी या अवनतीवर उपायही शोधला. १९६७ मध्ये मदीनेच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली, आणि तिने हफसिया या मोडकळीस आलेल्या भागात जुन्या गल्ल्यांची घडण राखून घरे दुरुस्त केली व नवी बांधली. पाडून मोकळे करण्यापेक्षा दुरुस्त करून वसविणे शक्य असते, हे त्या कामाने दाखवून दिले.

दुसरी अडचण जमिनीच्या हक्काची. विदर्भातील नगरांत ‘नझूल’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. अरबी धातूचा मूळ अर्थ उतरणे. सरकारकडे उतरलेली, म्हणजे सरकारजमा झालेली जमीन ती नझूल. अशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा ताबा असतो, पण तो पट्ट्याने असतो, आणि पट्ट्याचे नूतनीकरण झाले नाही तर हक्क संदिग्ध राहतो. ज्याला इतरत्र प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्या कागदाला विदर्भात ‘आखीव पत्रिका’ म्हणतात. वाड्याच्या आखीव पत्रिकेवर आजोबा-पणजोबांचे नाव, आणि राहणारे वारस अनेक, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ‘नमुना ८’ हा उतारा लोक मालकीचा पुरावा समजतात. वस्तुतः ती कर आकारणीची नोंद आहे. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्यास अर्थसाहाय्याची तरतूद झाली; परंतु त्यासाठी जमिनीच्या मालकीचा पुरावा लागतो. ज्याचे घर सर्वांत जीर्ण आहे, त्याच्याजवळच बहुधा हा पुरावा नसतो. मातीची भिंत पावसाळ्यात खचते, वारसांच्या सह्या होत नाहीत, आणि साहाय्य त्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

तिसरी अडचण संज्ञेची. १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमात ‘स्लम’ची जी व्याख्या आहे ती दाटी, अस्वच्छता आणि सोयींचा अभाव यांवर आधारलेली आहे. मराठीत त्यासाठी कधी ‘गलिच्छ वस्ती’ तर कधी ‘झोपडपट्टी’ असे शब्द वापरले गेले. या दोहोंत मोठा अर्थभेद आहे. झोपडपट्टी म्हटले की डोळ्यांपुढे अलीकडे उभ्या राहिलेल्या झोपड्या येतात. दोनशे वर्षांच्या पुऱ्यातील खचलेली घरे त्या शब्दात बसत नाहीत. आणि ‘गलिच्छ वस्ती’ हे नाव तेथील रहिवासी स्वतःला लावून घेणार नाहीत. त्यांनी तसे का करावे? परिणामी सुधारणेची गरज असलेली वस्ती सुधारणेच्या यादीबाहेर राहण्याचा संभव असतो. १९६० मध्ये विदर्भ गृहनिर्माण मंडळ आणि पुढे १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली, तरी या मंडळांचे मुख्य कार्य नवी घरे बांधण्याचे राहिले. जुने घर राहण्याजोगे ठेवणे या कामाला आपल्या प्रशासकीय मराठीत एक रूढ संज्ञाही नाही.

७

नावांसंबंधी आणखी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्तिनामे बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. ज्या नावांनी माणसांना गावाबाहेर ठेवल्याची आठवण रोज करून दिली ती नावे गेली पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला जुन्या नावाचा मोह असतो. पण त्या मोहासाठी दुसऱ्याने अपमान सोसावा, असे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि नाव बदलताना जुने व नवे नाव यांची जोडनोंद राहिली नाही, तर जुन्या खरेदीखतातील, पट्ट्यातील आणि करपावतीतील वस्ती कोणती, हे उद्या सिद्ध करता येणार नाही, आणि त्याचा फटका ज्यांच्या सन्मानासाठी नाव बदलले त्यांनाच बसेल. चर्मांक आणि चम्मक यांची सांगड आपण ध्वनिनियमांनी घालू शकतो. समता नगर आणि त्याचे पूर्वनाम यांची सांगड कोणताही ध्वनिनियम घालू शकणार नाही. ती नोंदवूनच ठेवावी लागेल.

म्हणून या विभागातील अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. अचलपूर, परतवाडा, कांडली आणि देवमाळी येथील सर्व पुरे, गल्ल्या, दरवाजे आणि ले-आउट यांची नामसूची तयार करावी. प्रत्येक नावापुढे त्याचे उच्चारभेद, लोकांनी सांगितलेली उत्पत्ती, जुन्या कागदांतील रूप आणि आजचे अधिकृत नाव द्यावे. आणि तेथील जमीन नझूल, गावठाण की अकृषिक, घरे मातीची की पक्की, हेही नोंदवावे. शब्दकोश आणि घरांची पाहणी ही दोन कामे आपण आजवर वेगळी मानली; येथे ती एकच आहेत. इतिहास, मराठी आणि भूगोल या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुटीत हे काम मिळून करता येण्यासारखे आहे. एकेक पुरा एकेका गटाने घेतला, तर प्रत्येक घरातील वयस्क माणसांशी बोलण्यास पुरेसा वेळ मिळेल. तयार झालेल्या सूचीची एक प्रत नगरपरिषदेकडे आणि एक संबंधित ग्रामपंचायतींकडे द्यावी.

हे काम लवकर व्हावयास हवे. जुनी नावे आणि त्यांमागील माहिती ज्यांना आहे ती माणसे वयोवृद्ध झाली आहेत. आणि प्रत्येक पावसाळ्यात जुन्या पुऱ्यांतील काही भिंती कोसळतात. भिंत पडल्यावर तेथे कोणाचे घर होते, हे सांगणारा कागद नसेल, तर निदान शेजाऱ्याच्या तोंडचे नाव तरी नोंदलेले असावे.